बत्तीस वर्षांनी ऑक्सफर्डला



शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ज्या शहरात आपण उमेदीची वर्षे काढली, तेथे पुष्कळ काळानंतर परत जाण्याचा योग आला म्हणजे मनाची अवस्था चमत्कारिक होते. स्टेशन तेच असते, रस्ते तेच असतात. पण ओळखीच्या दुकानावर दुसऱ्याच नावाची पाटी असते. आणि ते शहर आपण मन दुखावून किंवा इतरांची मने दुखवून सोडलेले असेल, तर पाऊल अधिकच अडखळते. तेथली माणसे आपल्याला ओळखतील का, आणि ओळखले तर बसा म्हणतील का, हे दोन्ही प्रश्न मनात असतात.

असा प्रसंग संत जॉन हेन्री न्यूमन यांच्या आयुष्यात आला होता. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे महापंडित, म्हणजे डॉक्टर ऑफ द चर्च, म्हणून घोषित केले. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो, तेव्हा हे नाव आम्हांला प्रथम भेटले ते परीक्षेच्या अभ्यासात. एखादी गोष्ट बुद्धीला पटणे वेगळे आणि तिच्यासाठी आयुष्य पणाला लावणे वेगळे, हा विचार त्यांनी १८७० साली एका जाडजूड ग्रंथात मांडला आहे. तो ग्रंथ कठीण आहे. परंतु त्यांचे आणि ऑक्सफर्ड शहराचे नाते समजून घेतले, तर हाच विचार कोणालाही सहज कळेल.

ऑक्सफर्डचा विद्यार्थी

न्यूमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बँकेच्या व्यवसायात होते. १८१६ साली त्यांची बँक बंद पडली आणि घरची स्थिती पालटली. त्याच वर्षी पंधरा वर्षांच्या या मुलाला परमेश्वराच्या अस्तित्वाची अशी काही खूणगाठ पटली की ती जन्मभर सुटली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांचे नाव दाखल झाले, आणि १८१७ साली ते तेथे राहायला गेले.

ऑक्सफर्ड विद्यापीठ म्हणजे अनेक कॉलेजांचा समूह. प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे प्रार्थनामंदिर, भोजनगृह, ग्रंथालय आणि बाग. त्या काळी तेथे प्रवेश घेताना इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या ३९ धर्मकलमांवर सही करावी लागे. साहजिकच कॅथलिकांना तेथे दार बंद होते. न्यूमन मात्र अँग्लिकन होते, त्यामुळे हे शहर त्यांना आपले घर वाटे. ट्रिनिटीत पहिल्या वर्षी ते ज्या खोलीत राहिले, तिच्या समोरच्या भिंतीवर स्नॅपड्रॅगनची फुलझाडे उगवलेली असत. दगडी भिंतीच्या फटीत मूळ धरणारे ते झाड पाहून, आपणही असेच आयुष्यभर या विद्यापीठात रुजून राहू, असे त्यांना वाटे.

१८१८ साली त्यांना कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली: नऊ वर्षे, दरसाल ६० पौंड. त्या वेळी थॉमस शॉर्ट नावाचे शिक्षक त्यांच्या पाठीशी होते. परंतु १८२० च्या अंतिम परीक्षेत अतिश्रमाने थकलेल्या न्यूमन यांचा धीर सुटला आणि निकाल अगदी सामान्य लागला. तरीही दीड वर्षाने ते ओरियल कॉलेजच्या फेलोपदाच्या परीक्षेला बसले. फेलो म्हणजे कॉलेजच्या विद्वन्मंडळाचा सदस्य, आणि ओरियलची निवड त्या काळी सर्वांत कडक समजली जाई. परीक्षा चालू असतानाच हे आपल्याला जमणार नाही असे वाटून न्यूमन माघार घेण्याच्या बेतात होते. तेव्हा शॉर्ट यांनी त्यांना आपल्या खोलीवर बोलावले, कोकराच्या मांसाचे कटलेट आणि तळलेली पार्सली असे जेवण खाऊ घातले आणि धीर देऊन परत पाठवले. १२ एप्रिल १८२२ रोजी निवडीची बातमी घेऊन ओरियलचा नोकर आला तेव्हा न्यूमन व्हायोलिन वाजवीत होते. नोकराची पाठ वळताच त्यांनी व्हायोलिन बाजूला टाकले आणि ते ओरियलकडे धावत सुटले. शिक्षकाने घातलेले ते जेवण ते म्हातारपणीही विसरले नाहीत.

पुढे ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. १८२८ साली सेंट मेरी या विद्यापीठाच्या चर्चची जबाबदारी त्यांच्यावर आली. रविवारी दुपारी चार वाजता ते तेथे प्रवचन करीत. हातवारे नाहीत, आवाज चढवणे नाही. कागदावरून शांतपणे वाचत. तरी शेकडो विद्यार्थी गर्दी करीत. मुलांनी तिकडे जाऊ नये म्हणून काही कॉलेजांनी जेवणाची वेळच बदलली, असे सांगतात.

१८३३ साली सिसिली बेटावर ते तापाने मरणाच्या दारी गेले होते. बरे होऊन बोटीने परत येताना वारा पडला आणि बोट बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत अडकून पडली. तेथे १६ जून रोजी त्यांनी लीड काइंडली लाइट हे गीत लिहिले. महात्मा गांधींना हे गीत फार प्रिय होते. नरसिंहराव दिवेटिया यांनी त्याचे गुजराती रूपांतर केले आणि ते आश्रमाच्या प्रार्थनेत गायले जाऊ लागले. दूरवरचे दिसू नये, पुढचे एक पाऊल दिसावे, एवढेच मागणाऱ्या त्या माणसाला पुढची पावले कोठे नेणार आहेत, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

घर सोडावे लागले

इंग्लंडला परतल्यावर न्यूमन, जॉन कीबल आणि एडवर्ड पुसी या मित्रांनी अँग्लिकन चर्चला जागे करण्याची चळवळ उभारली. चर्च ही सरकारची शाखा नसून प्रेषितांपासून चालत आलेली संस्था आहे, हे त्यांचे सांगणे होते. हे सिद्ध करण्यासाठी न्यूमन पहिल्या शतकांतील धर्मपित्यांचे ग्रंथ वाचत गेले, आणि जसजसे वाचत गेले तसतशी त्यांच्या पायाखालची जमीन सरकू लागली. १८४१ साली त्यांनी ३९ कलमांचा कॅथलिक परंपरेशी मेळ घालून दाखवणारी पुस्तिका काढली. विद्यापीठाच्या कॉलेजप्रमुखांनी तिचा निषेध केला, पाठोपाठ एकेका बिशपांनीही केला.

१८४२ साली न्यूमन ऑक्सफर्डपासून सुमारे तीन मैलांवरच्या लिटलमोर खेड्यात राहायला गेले. तेथल्या चर्चची कोनशिला त्यांच्या आईने बसवली होती. गाडीच्या घोड्यांसाठी बांधलेल्या तबेल्याच्या खोल्या करून ते आणि काही तरुण सोबती प्रार्थनेत व अभ्यासात दिवस काढू लागले. पुढच्या वर्षी त्यांनी सेंट मेरी चर्चचा राजीनामा दिला.

कॅथलिक होणे म्हणजे काय, हे त्यांना स्वच्छ कळत होते. फेलोपद जाणार, मिळकत जाणार, वीस-पंचवीस वर्षांचे मित्र तुटणार. विद्येच्या वर्तुळात कॅथलिकांना तेव्हा जवळजवळ स्थान नव्हते. बहीण हॅरिएट तर आधीच दुरावली होती. १८५२ साली तिचा मृत्यू झाला, तोपर्यंत समेट होऊ शकला नाही. तरीही सदसद्विवेकबुद्धीचा आवाज एकदा स्पष्ट ऐकू आल्यावर तो न ऐकल्यासारखे करणे त्यांना शक्य नव्हते.

८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्री डॉमिनिक बार्बेरी नावाचे इटालियन धर्मगुरू घोडागाडीच्या उघड्या टपावर बसून, धो धो पावसात भिजत लिटलमोरला पोहोचले. ते शेतकऱ्याचे पुत्र, लहानपणी मेंढरे राखलेली, इंग्रजी मोडकेतोडके. ते शेकोटीपाशी कपडे वाळवीत असताना इंग्लंडमधला तो गाढा विद्वान त्यांच्यासमोर गुडघ्यांवर आला आणि ख्रिस्तसभेत घेण्याची विनंती करू लागला. ९ ऑक्टोबरला न्यूमन कॅथलिक झाले.

काही महिन्यांनी लिटलमोर सोडण्याची वेळ आली. आपण तेथल्या पलंगाचे आणि शेकोटीच्या फळीचे चुंबन घेतल्यावाचून राहू शकलो नाही, असे त्यांनी एका मित्राला कळवले आहे. शेवटची रात्र ते एका मित्राकडे वेधशाळेत राहिले. काही जुने स्नेही निरोप घेऊन गेले. विद्यार्थिदशेत ज्यांनी खासगी शिकवणी दिली होती, त्या वृद्ध डॉ. ओगल यांना ते भेटले. ट्रिनिटी कॉलेजचा निरोप त्यांनी जणू त्यांच्या रूपाने घेतला. २३ फेब्रुवारी १८४६ च्या सकाळी न्यूमन यांनी ऑक्सफर्ड सोडले. तेव्हा ते नुकतेच पंचेचाळीस वर्षांचे झाले होते.

दोन्ही बाजूंनी बंद दारे

१८४७ साली रोममध्ये त्यांना कॅथलिक धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरी संघाची शाखा त्यांनी इंग्लंडमध्ये आणली. बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरात, बंद पडलेल्या दारूच्या भट्टीच्या इमारतीत त्यांनी चर्च सुरू केले. ऐकायला येणारे होते गरीब मजूर, त्यांत आयरिश पुष्कळ. १८४९ साली बिल्स्टन येथे कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ते आणि त्यांचे जिवलग सहकारी अँब्रोज सेंट जॉन तेथे मदतीला धावले.

येथे आम्हांला एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. संतांची चरित्रे सांगताना आपण सारे काटे बाहेरच्यांच्या हाती देतो. न्यूमन यांना काटे दोन्हीकडून टोचले. अँग्लिकनांना ते फितूर वाटले, तर कित्येक कॅथलिकांना ते अजून पुरते आपले वाटेनात. डब्लिनमधील कॅथलिक विद्यापीठाचे काम अपुरे सोडून त्यांना परतावे लागले. धर्मसिद्धांतांच्या बाबतीत सामान्य प्रापंचिकांची श्रद्धाही विचारात घ्यावी, असा लेख त्यांनी १८५९ साली लिहिला, तर त्याची तक्रार रोमपर्यंत गेली.

सर्वांत मोठा घाव मात्र ऑक्सफर्डवरूनच बसला. १८५४ पासून कॅथलिक मुलांना तेथे प्रवेश मिळू लागला होता. त्यांच्या आध्यात्मिक काळजीसाठी तेथे ऑरेटरी असावी म्हणून न्यूमन यांनी १८६४ साली जागा घेतली. मात्र, न्यूमन तेथे असले तर कॅथलिक आईबाप निर्धास्तपणे मुलांना त्या विद्यापीठात पाठवतील आणि मुले श्रद्धा गमावतील, अशी भीती पुढे आर्चबिशप झालेल्या मॅनिंग यांना व इतरांना वाटत होती. अखेर रोमने ऑरेटरीला परवानगी दिली, पण न्यूमन यांनी स्वतः तेथे राहू नये, अशी सूचना गुप्तपणे जोडली. १८६७ साली ती त्यांना कळली आणि बेत मोडला. ज्या शहराने त्यांना एकदा बाहेर काढले होते, तेथे जाण्याची वाट आता त्यांच्याच माणसांनी अडवली.

त्या वर्षांत ऑक्सफर्डचे उंच मनोरे त्यांना आगगाडीच्या खिडकीतून तेवढे दिसत. जून १८६८ मध्ये ते लिटलमोरला जाऊन आले. चर्चच्या फाटकाला टेकून एक म्हातारा रडत उभा असलेला तेथल्या धर्मगुरूने पाहिला, आणि ते न्यूमन होते, अशी आठवण सांगतात. त्याआधी १८६५ साली कीबल यांच्या घरी तिघे जुने मित्र एकत्र जेवले. दारात उभे असलेले कीबल आणि न्यूमन यांनी पहिल्या क्षणी एकमेकांना ओळखलेच नाही, इतका काळ गेला होता. पुढच्या वर्षी कीबल वारले.

मात्र एक गोष्ट बदलली होती. १८६४ साली चार्ल्स किंग्जली या लेखकाने न्यूमन यांच्या खरेपणावर जाहीर शिंतोडे उडवले. उत्तरादाखल न्यूमन यांनी आपल्या धर्मविचारांचा सारा प्रवास आठवड्या-आठवड्याला हप्त्यांनी लिहून काढला. जुन्या सहकाऱ्यांविषयी त्यात कडवटपणा नव्हता. जे शहर सोडले त्याची निंदा नव्हती. उलट भिंतीवरच्या त्या फुलझाडाचीही आठवण होती. हा माणूस चुकला असेल, पण खोटा नाही, हे इंग्लंडला पटले.

भोजनगृहातील खुर्ची

डिसेंबर १८७७ मध्ये ट्रिनिटी कॉलेजचे अध्यक्ष सॅम्युअल वेट यांचे पत्र आले. कॉलेजला न्यूमन यांना मानद फेलो करायचे होते. असा मान कॉलेजने यापूर्वी कोणालाच दिला नव्हता. न्यूमन हरखून गेले. तरी आपल्या बिशपांना विचारल्यावाचून त्यांनी होकार दिला नाही. अडवणुकीचा एवढा अनुभव गाठीशी असूनही त्यांनी आज्ञाधारकपणा सोडला नव्हता, हे आम्हां धर्मगुरूंना विशेष शिकण्यासारखे आहे. बिशप उलाथॉर्न यांची हरकत नव्हती.

फेब्रुवारी १८७८ च्या अखेरीस, निघून गेल्याला बत्तीस वर्षे पूर्ण होत असताना, सत्याहत्तर वर्षांचे न्यूमन ऑक्सफर्डमध्ये उतरले. जाताना ते पद गमावलेले, संशयित गृहस्थ होते; आता ते कॉलेजचे पाहुणे होते. विद्यार्थी म्हणून ज्या भोजनगृहात बसले होते, तेथेच ते फेलोंच्या पंक्तीला बसले. त्या भोजनाला हजर असलेले जेम्स ब्राइस यांनी लिहून ठेवले आहे की आवाज क्षीण झाला होता, तरी सेंट मेरी चर्चमध्ये ऐकू येणारी त्याची गोडी तशीच होती, आणि चेहऱ्यावर विचारांच्या, संघर्षाच्या व दुःखाच्या रेषा खोल उमटल्या होत्या.

थॉमस शॉर्ट तेव्हा हयात होते. नव्वदीला टेकलेले, दृष्टी अधू झालेली. शिष्याने त्यांची भेट घेतली. छप्पन्न वर्षांपूर्वी धीर देऊन परत पाठवलेला तो घाबरलेला तरुण आता म्हातारा होऊन समोर आला होता. शॉर्ट पुढच्या वर्षी वारले. थोडा आणखी उशीर झाला असता तर ही भेट राहून गेली असती. पुसी यांनाही न्यूमन भेटले. मित्र कीबल यांच्या नावाने उभे राहिलेले नवे कॉलेज त्यांनी पाहिले. परंतु स्वतः कीबल नव्हते. हॅरिएट नव्हती. ज्यांच्याशी हा आनंद वाटून घ्यायचा ते अँब्रोज सेंट जॉनही १८७५ साली गेले होते. परत जाणे म्हणजे गेलेले सारे परत मिळणे नव्हे.

आणि कोण कोणापुढे नमले? कोणीच नाही. कॉलेजचे अध्यक्ष अँग्लिकन धर्मगुरूच राहिले आणि न्यूमन कॅथलिक धर्मगुरूच राहिले. लिटलमोरला ज्या पुस्तकाचे लेखन करता करता त्यांचा कॅथलिक होण्याचा निश्चय पक्का झाला, त्या धर्मसिद्धांतांच्या विकासावरील ग्रंथाची नवी आवृत्ती १८७८ साली निघाली. ती त्यांनी ट्रिनिटीच्या अध्यक्षांनाच अर्पण केली. यातील विचार तुम्हांला पटावेत अशी अपेक्षा नाही, पण देण्याजोगे माझ्याजवळ दुसरे काही नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. ज्या ग्रंथाने त्यांना ऑक्सफर्डबाहेर नेले, तोच त्यांनी कृतज्ञतेने ऑक्सफर्डच्या हाती ठेवला. त्यांनी सत्य सौम्य केले नाही आणि प्रेमही आवरते घेतले नाही.

पुढच्या वर्षी पोप लिओ तेरावे यांनी त्यांना कार्डिनल केले, तेव्हा स्वकीयांच्या संशयाचे ढगही विरले. १८८० साली पवित्र त्रैक्याच्या रविवारी कार्डिनल न्यूमन यांनी ऑक्सफर्डच्या सेंट अलॉयशियस या कॅथलिक चर्चमध्ये प्रवचन केले. ११ ऑगस्ट १८९० रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांनी देह ठेवला. पाच वर्षांनी रोमने कॅथलिक तरुणांना ऑक्सफर्डला जाण्याची मोकळीक दिली. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. त्याच दिवशी आपल्या केरळच्या मरियम थ्रेसिया यांनाही संतपद मिळाले.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, जेथले एखादे माणूस वर्षानुवर्षे आलेले नाही. जमिनीचा वाटा, मुलामुलीचे लग्न, कधी चर्चमधलाच एखादा वाद. दोन्ही बाजू वाट पाहत असतात ती समोरच्याने चूक कबूल करण्याची. न्यूमन यांचे उदाहरण वेगळे आहे. मतभेद मिटल्यावाचूनही भेट होऊ शकते. मात्र त्यासाठी निघून जाणाऱ्याने जाताना घराला शिव्याशाप देऊ नयेत, आणि राहिलेल्यांपैकी कोणीतरी एकाने पत्र लिहावे, फोन करावा, जेवायला बोलवावे. ट्रिनिटी कॉलेजने तेवढेच केले. पण त्याला बत्तीस वर्षे लागली, आणि तोवर पंक्तीतली कितीतरी माणसे कमी झाली होती. आपण इतकी वर्षे थांबू नये, असे आम्हांला वाटते.

संत न्यूमन यांचा सण ९ ऑक्टोबरला असतो. मृत्यूचा दिवस सोडून ख्रिस्तसभेने त्यांच्यासाठी हा दिवस निवडला, कारण याच दिवशी, मोठी किंमत मोजून, ते कॅथलिक झाले. त्या दिवशी मिस्साबलिदानात, आपल्यापासून दुरावलेल्या एखाद्या माणसाचे नाव मनात घेऊन आपण प्रार्थना करू या. आणि घरी गेल्यावर त्या माणसाला निरोप पाठवू या.

संत जॉन हेन्री न्यूमन, आम्हांसाठी विनंती कर.